मंत्रलेल्या लोंब्या

क्रूस करायला पास्काल तावरोनं उजवा हात कपाळाला नेला, आणि त्याच्या नाकाला वास आला. हात छातीवर उतरला, डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडे गेला, आणि वास त्याच्याबरोबर फिरला. आमेन म्हणायचं राहून गेलं. शेजारी उभ्या असलेल्या सेवरिनानं, त्याच्या बायकोनं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस बाकी बरंच चुकला होता, पण आमेन चुकला नव्हता. पास्कालनं हात खिशात घातला, बाहेर काढला, मग नाक पुसायचं निमित्त करून बोटं पुन्हा हुंगली. कुजक्या लसणीवर कुणी रॉकेल ओतावं, तसा काहीसा वास. फार नव्हता. शेजारच्याला आलाही नसता. पण पास्कालला तो ओळखीचा होता, आणि म्हणूनच त्यानं आधी भलत्यांवरच आळ घेतला. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पुसतात ते फिनेल असेल. धुपाचा असेल, हल्ली धूप चांगला कुठं मिळतो? पोरांनी आणलेल्या झेंडूचा असेल. गायनमंडळ उभं राहून गाऊ लागलं, सगळी इगर्ज, चर्चात जमलेली सगळी माणसं, गाऊ लागली, आणि पास्काल तोंड हलवत राहिला. समोर, वेदीच्या पायरीशी, फुलांनी सजवलेल्या मोठ्या टोपल्यात लोंब्या ठेवल्या होत्या. सोनेरी-हिरव्या, टपोऱ्या, एकसारख्या. एकाही दाण्यावर डाग नाही. बाहेरच्या सायबिणीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, गुहेपाशी मंत्रल्यावर त्या त्यानंच थोड्या वेळापूर्वी आत आणल्या होत्या, दोन्ही हातांनी, छातीशी धरून.

आज मोंतीची फेस्त. नऊ दिवस वाड्यावाड्यांतली पोरं फुलांच्या परड्या घेऊन येतात, बाळ सायबिणीवर मूठमूठ फुलं उडवतात, आणि आज तिच्या जन्मदिवशी पाद्री नवं भात मंत्रतात, पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. प्रत्येक घराला एकेक लोंबी मिळते, पोरांना उसाचं कांडं. लोंबी घरी नेऊन पिल्सारावर, देवाच्या मखरात, लावायची. दाणे सोलून कच्चेच वाटायचे, नारळाच्या दुधात घालायचे, आणि घरातल्या लहानथोर सगळ्यांनी तोंडात घोट घेईपर्यंत पान मांडायचं नाही. याला नवं खाणं म्हणतात. मंगळूरचा क्रिस्तांव वर्षभर कुठंही असो, नव्याला घरी यायला बघतो. नाहीच जमलं तर आई वाळका दाणा पाकिटात घालून आखातात धाडते. आणि या इगर्जेत लोंब्या आणायचा मान तावरोंचा. पास्कालच्या आज्याचा होता, बापाचा होता, आता पास्कालचा आहे. मिस्सा, सणाची उपासना, संपली की पाद्री नाव घेणार, पास्काल पायरी चढणार, पहिली लोंबी उचलून पाद्र्यांच्या हातात देणार, मग बाकीच्यांच्या रांगा. बँकेत आयुष्यभर खुर्ची उबवलेल्या माणसाला एवढाच काय तो मान, आणि तो त्याला फार प्रिय होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सेवरिना म्हणायची, "तुमची फेस्त म्हणजे सायबिणीचा वाढदिवस नव्हे, तुमचाच." ते खोटं नव्हतं.

शेत मात्र आता नव्हतं. ते होतं तिथं आता पाच मजले उभे होते, आणि पाचव्यावर पास्काल राहत होता. आजूबाजूचे गादे, भाताची खाचरं, एकेक करून भरले गेले, ओहोळाचं गटार झालं, पाणी यायचं तिथून येईना आणि जायचं तिथून जाईना, तेव्हा कुळकायद्यानं नावावर झालेलं ते शेत बापाच्या मागं त्यानंही विकलं. त्याचं त्याला वाईट वाटे, पश्चात्ताप नव्हता. बुडत्या वाड्यात आपणच एकटे कोरडे राहू असं म्हणणारा तो नव्हता. दोन फ्लॅट मिळाले. कधी दुपारी पलंगावर पडलं की तो मनाशी हिशेब घाली, आपण आत्ता नेमके कशावर तरंगतो आहोत. खाली चौथा मजला, तिसरा, दुसरा, पहिला, गाड्या, आणि त्या गाड्यांच्या खाली मजलगादा, तावरोंचं मधल्या उंचीचं खाचर, त्याच्या वायव्येला सायबिणीचा कोपरा. हिशेब बरोबर असेल तर उशी त्या कोपऱ्याच्या वरच यायची. त्याला त्यातून एक चोरटं सुख होई, आणि झोप लागे.

वाचन सुरू झालं तसे सगळे बसले. पास्काल बसला आणि त्याला जीपगाडी आठवली. आठवायची नव्हती, पण वास काय माणसाला विचारून येतो? तो आठ-नऊ वर्षांचा असेल. सरकारी जीप बांधाच्या तोंडाशी थांबली होती, चड्डी-बूटवाला अधिकारी पत्र्याचा डबा आणि पाठीवर अडकवायचा पंप घेऊन उतरला होता. सगळ्या वाड्यातली पोरं पंपाभोवती. अधिकाऱ्यानं फवारा मारून दाखवला. त्या पांढऱ्या धुक्यात इंद्रधनुष्य दिसलं, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि हाच वास आला. छान वाटला होता तो तेव्हा. नवा वाटला होता, रबरी चपलांसारखा, रेडिओच्या खोक्यासारखा. ढेकण्या मेल्या. दाण्याच्या चिकावर बसून तो चोखून घेणारे किडे, ते पटापट पडले, आणि बापूय, पास्कालचा बाप, म्हणाला, "जादूच की!" दुसऱ्या दिवशी सकाळी माय गाद्यात शेवटे मासे वेचायला गेली, आमटीपुरते, तर मासे उताणे तरंगत होते. खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन तसेच थांबले होते. एक बगळा बांधावर उभा, मग बसला, मग पडला. मायनं टोपली रिकामीच आणली. दुपारच्या पेजेला नुसती सुक्या बांगड्याची चटणी होती. अजून पास्कालला पेजेबरोबर ती चटणी आवडत नाही. सेवरिनाला वाटतं दातांमुळे.

बापूय काही संत नव्हता. पाच पोरं होती, धनी खंड घेऊन जायचा, भात कमी आलं तर खायचं काय? पुढच्या वर्षी त्यानंही पंप उसना आणला आणि मारला. सगळ्यांनी मारला. पण वायव्येचा कोपरा त्यानं सोडला. चार बांबूच्या काठ्या रोवल्या, त्यांना केळीचं सोप बांधलं आणि पंपवाल्या गड्याला सांगितलं, "याच्या आत थेंब पडला तर तुझा माझा संबंध संपला." तोच सायबिणीचा कोपरा. फेस्तीच्या लोंब्या तिथून निघायच्या. मग गावातल्या सगळ्या ढेकण्या, उरल्यासुरल्या, जीव वाचवायला त्या कोपऱ्यात यायच्या, येणारच, आणि लोंब्यांचे दाणे चोखून चोखून तपकिरी करून टाकायच्या. निम्मे पोकळ, बाकीच्यांवर ठिपके. आणि असल्या लोंब्या बापूय डोक्याचं फडकं सोडून, अंगरखा घालून, दोन्ही हातांनी छातीशी धरून इगर्जेत न्यायचा. सगळ्या वाड्यासमोर. पास्कालनं एकदा विचारलं होतं, बारा-तेरा वर्षांचा असताना, रागानं. बाकीच्या शेतात एवढ्या चांगल्या आहेत, त्या का नाही द्यायच्या सायबिणीला? बापूय कोयती दगडावर घासत होता. तो म्हणाला, "पास्कु, तिच्या मांडीवर पोर आहे ना? पोर हाताला येईल ते तोंडात घालतं." एवढंच. मग उठला, कोपऱ्यात उतरला, वाकला, आणि कापायच्या आधी नेहमी विचारायचा तसं हळूच विचारलं, "घेऊ ना गो?" कुणाला विचारायचा ते पास्कालला कधी कळलं नाही, सायबिणीला, की शेताला, की भाताला. कळायला हवं होतं असं त्याला आता वाटतं. तेव्हा त्याला फक्त लाज वाटली होती.

लाज तर अशी की पुसता सोय नाही. मिस्सा संपल्यावर लोंबी हातात घेऊन पोरं दाणा दाताखाली फोडायची, दूध चोखायची, आणि पोकळ निघाला की ओरडायची. "तावरोंच्या लोंब्या, फुंकलं की उडाल्या!" साल्दान्यांचा रोनाल्ड तर दरवर्षी नव्यानं जुळवून म्हणायचा. "काय रे, देवालासुद्धा भुसा?" रोनाल्डचं मोठेपणी बांधकामाचं झालं, पैसा झाला, तो इगर्जेच्या कमिटीवर आला, पण तोंड तेच राहिलं. बापूय गेला, शेत गेलं, आणि पास्काल लोंब्या मूडबिदरीकडच्या साल्वादोरकडून, मायच्या नात्यातल्या माणसाकडून, आणू लागला. त्या बऱ्या असायच्या, बऱ्यापैकी. गेल्या वर्षी साल्वादोरनंही भात मोडून पोफळी लावल्या. मग दूधवाल्याच्या ओळखीनं तनियप्पचा नंबर मिळाला. पास्कालनं फोनवर त्याला चारचारदा बजावलं होतं, "एक दाणा डागाळलेला चालणार नाही, काय? देवाचं काम आहे. पैसे किती लागतील ते सांग, पण एक डाग दिसता कामा नये." आणि आज पहाटे पिकअपमधून गोणी उतरल्या, पास्कालनं दिव्याखाली लोंबी धरली, तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. बापूयनं पाहायला हव्या होत्या, असं मनात आलं होतं. गुहेपाशी रोनाल्डसुद्धा म्हणाला होता, "पास्कु, या वर्षी आणल्यास खऱ्या. मानलं." ते ऐकताना पास्काल तावरो हा निवृत्त माणूस तेरा वर्षांचा झाला होता, आणि पन्नासेक वर्षांची लाज धुऊन निघाली होती.

पाद्री उपदेशाला उभे राहिले. फादर आल्विन कोवळे होते, चष्म्याची काडी मोडली तर दोऱ्यानं बांधून घालणारे, आणि सृष्टी हा त्यांचा आवडता विषय. हा महिना सृष्टीचा म्हणून त्यांनी उसाच्या कांड्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या होत्या, त्यावरून कमिटीत दोन बैठका झडल्या होत्या. "देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं," ते सांगत होते, "ते तिचा मालक म्हणून नाही. तिची मशागत करायला आणि राखण करायला. आपण सगळे राखणदार आहोत. राखणदाराचं काम काय? डोळे उघडे ठेवणं." पास्कालला वाटलं, आणि नाक? मागच्या बाकावर खालच्या मजल्यावरची पोरगी आईच्या मांडीवर उभी राहून त्याचा कोट ओढत होती. "अंकल, अंकल, लोंबी कधी देणार? मला मोठी हवी." पास्काल उठला. सेवरिना दबक्या आवाजात म्हणाली, "आता कुठं? उपदेश चाललाय." "आलो," तो म्हणाला आणि बाजूच्या दारानं व्हरांड्यात आला.

तनियप्पनं पहिल्याच घंटेला फोन उचलला. "स्वामी! पोचल्या ना लोंब्या?"

"पोचल्या. तनियप्पा, औषध मारलं होतंस?"

"मारलं की! ढेकण्या काय थोड्या आहेत या वर्षी? तुम्हीच म्हणालात, एक डाग चालणार नाही. बाकीच्या शेताला एकदा मारलं, तुमच्या तुकड्याला दोनदा. वरचे पैसे मागत नाही हां, देवाचं काम."

"शेवटचं कधी मारलंस?"

"परवा संध्याकाळी. काल कापल्या."

पास्कालनं खांबाला हात टेकला. "परवा मारलंस आणि काल कापल्यास?"

"तसं कापायला नको, ते मला कळतं स्वामी. आम्ही खायला ठेवतो त्याला दोन-तीन आठवडे हात लावत नाही. पण या काय, देवापुढं ठेवायच्या. खायच्या थोड्याच?" मग तनियप्पचा आवाज बदलला. "स्वामी, तुम्ही लोक खाता की काय त्या?"

"खातो," पास्काल म्हणाला. "कच्च्या खातो."

"अय्यो!" तनियप्प म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही हो. आमच्यात तर घरात टांगून ठेवतात. मला सांगायचं नाही का, स्वामी?"

सांगायचं होतं. पास्काललाही ते सुचलं नव्हतं. नवं म्हणजे खायचं, हे कुणाला सांगावं लागतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. सगळं जग नवं खातं अशा समजुतीत तो म्हातारा झाला होता. तो परत येऊन जागेवर बसला. आता उपदेश संपून भाकर-द्राक्षारस वेदीवर चढत होता, घंटा वाजत होत्या, लोक गुडघे टेकत होते, त्यानंही टेकले. आणि गुडघ्यांवर असताना त्याच्या डोक्यात एक हलकट, अगदी शहाणा आवाज बोलू लागला. घराला किती दाणे येतात? एका लोंबीचे. त्यातून सोलून, वाटून, ओंजळभर दुधात. पाच दाण्यांनी कोण मेलंय? बाजारातली भेंडी काय दुधानं धुतलेली असते? द्राक्षं? कोबी? अळूची पानंसुद्धा हल्ली कुठल्या गटाराकाठी उगवतात देव जाणे. आख्खं जग हेच खातंय, आणि तू एकटा आज राखणदार झालास? शिवाय लोंब्या आता मंत्रल्या गेल्यात. पाद्र्यांनी पाणी शिंपडलंय, क्रूस केलाय. जे पवित्र झालं ते झालं. गप्प बस, पायरी चढ, पहिली लोंबी दे. रोनाल्ड टाळी वाजवेल. बापूयच्या किडक्या लोंब्या आजपासून विसरल्या जातील. हा आवाज खोटं बोलत नव्हता, हीच तर त्याची कमाल. पास्कालला तो पटतही होता. त्याला फक्त मागच्या बाकावरची ती पोरगी ऐकू येत होती, आईच्या कानाशी कुजबुजणारी, मोठी हवी, मला मोठी. तिला घरी पोचेपर्यंत धीर निघणार नव्हता. निघाला होता का कधी कुणाला? वाटेतच दाताखाली दाणा फोडायचा, कोवळं गोड दूध जिभेवर यायचं, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचं. वर्षातला सगळ्यात गोड थेंब तो. त्याच्या स्वतःच्या जिभेखाली आत्ता, या क्षणी, त्या आठवणीनं पाणी सुटलं, आणि त्यानं गिळलं नाही. रुमालात थुंकलं.

"काय होतंय तुम्हांला?" सेवरिना म्हणाली.

"लोंब्यांना औषध आहे. परवाचं."

पास्कालला वाटलं ती म्हणेल, गप्प बसा. ती लोकलाजेला फार जपणारी बाई. शेत विकतानाही तिनं आधी शेजारणींना सांगितलं होतं, म्हणजे मागून बोलायला जागा राहू नये. ती म्हणाली, "मग बसलात काय? पाद्र्याब आत्ता नाव घेतील."

आणि मिस्सा संपताच नाव घेतलंच. "आपल्या परंपरेप्रमाणे, श्री. पास्काल तावरो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, फेस्तीच्या दिवशी इगर्जेत टाळ्या चालतात. पास्काल पायऱ्या चढला. टोपल्याशी पोचला. फादर आल्विन हसून हात पुढं करून उभे होते. पास्कालनं लोंबी उचलली नाही. माइकच्या दांड्याला धरलं, आणि बँकेत कॅश कमी आली की मॅनेजरला सांगायचा तसं सरळ सांगून टाकलं. लोंब्यांवर परवा औषध मारलंय. मीच डाग नको म्हटलं होतं म्हणून मारलंय. कुणी घरी नेऊ नका. पोरांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

इगर्जेचा एकदम बाजार झाला. उसाच्या मोळ्या धरून उभे असलेले सोदालितीचे, इगर्जेच्या मंडळाचे, तरुण एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या बाकावरून आपोलिन आकाय उठली. वाड्यातली सर्वांत म्हातारी बाई, पहिली लोंबी पाद्री तिला देतात. "पास्कु, काय बोलतोस रे पुता? मंत्रलेल्या आहेत त्या! मंत्रल्यावर विष राहतं कुठं?"

सगळ्यांनी फादर आल्विनकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. बिचाऱ्याला सेमिनरीत हे कुणी शिकवलं नसणार. "आकाय," ते शेवटी म्हणाले, "आशीर्वाद म्हणजे साबण नव्हे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "धुऊन घेतल्या तर?" "चिकात उतरतं ते, धुऊन जात नाही." "बाजूच्या पॅरिशमधून मागवा." "त्यांच्या तरी कुठून आल्यात?" रोनाल्ड साल्दान्या मधल्या वाटेत येऊन उभा राहिला. "वा रे तावरो! बापानं पोकळ दिल्या, तू विषाच्या दिल्यास. काय नशीब आहे आमचं!" पास्कालनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं ज्या वाक्याला तो भीत होता ते आलं होतं, सगळ्या इगर्जेसमोर, माइक चालू असताना, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "बापाच्या खाता येत होत्या, रोनाल्ड," तो म्हणाला. "पोकळ होत्या, पण खाता येत होत्या." रोनाल्डनं मान वळवली.

मग प्रश्न आला तो दुसराच. मंत्रलेली वस्तू टाकता येत नाही. कचऱ्यात तर नाहीच. जाळायची, किंवा मातीत पुरायची. जाळावं तर औषधाचा धूर पोरांच्या नाकात जाणार. म्हणून पुरायचं ठरलं. फादर आल्विन पुढं, मागं पास्काल आणि चार माणसं टोपलं धरून, त्यांच्या मागं सगळी इगर्ज, कारण घरी जा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दाराबाहेर येऊन वरात थांबली. पुढचं आवार सगळं फरशीचं, रोनाल्डनंच गेल्या वर्षी देणगीत घातलेली. मागं शाळा, तिथं सिमेंट. बाजूला हॉल आणि हॉलच्या गाड्या. गुहेभोवती झाडं होती ती कुंड्यांत. पाद्र्यांच्या बंगल्यामागं पूर्वी केळी होत्या, तिथं आता पाण्याची टाकी. एवढं मोठं इगर्जेचं आवार, पण टोपलंभर लोंब्यांना पुरेल एवढी उघडी माती सापडेना. लोक गोल फिरून पुन्हा दाराशी आले. मग आपोलिन आकायनं काठी उचलली आणि दफनभूमीकडे दाखवली.

तिथंही पुढच्या रांगा ग्रॅनाइटच्या. पण अगदी शेवटी, कुंपणाशी, ज्यांना कायमची जागा विकत घेता येत नाही त्यांची माती होती, उघडी, गवत वाढलेली. खड्डेखणाऱ्याचं कुदळ-फावडं तिथंच टेकून होतं. पास्कालनं अंगातला कोट काढून सेवरिनाकडे दिला आणि कुदळ घेतली. "तुम्हांला जमणार नाही," ती म्हणाली. आणि त्याला फारसं जमलंही नाही, चार-पाच घाव घातल्यावर कंबर धरली, मग तरुणांनी खड्डा पुरा केला. पण लोंब्या त्यानंच खाली ठेवल्या. फेकल्या नाहीत. गुडघे टेकून, एकेक जुडी आडवी, देठ एकीकडे, तोंडं एकीकडे. फादर आल्विननी पुस्तक उघडलं, पानं चाळली. पेरणीच्या आशीर्वादाची प्रार्थना होती, कापणीची होती, मेलेल्या माणसाची होती. त्यांनी पुस्तक मिटलं.

आपोलिन आकाय पुढं झाली, वाकली, चिमूटभर माती उचलली आणि खड्ड्यात टाकली. तिच्या वयात खड्ड्यापाशी उभं राहिलं की हात आपोआप तेच करतो. तिच्यामागं दुसरी बाई आली. मग तिसरी. कुणी सांगितलं नाही, कुणी रांग लावली नाही, पण रांग झाली. बाप्ये, बाया, पोरं, एकेक मूठ माती टाकून बाजूला होऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या पोरीनं परडीत उरलेली फुलं टाकली आणि आईला विचारलं, "कोण मेलं?" आई म्हणाली, "गप." रोनाल्ड साल्दान्या सगळ्यात शेवटी आला. त्यानं माती टाकली, हात पँटला पुसले, आणि खाली बघतच, तोंडातला नेहमीचा खवचटपणा कुठंतरी विसरून, म्हणाला, "पास्कु, पुढच्या वर्षी काय करायचं?"

"तावरोंचा मान संपला," पास्काल म्हणाला. "ज्याचं शेत आहे त्याला द्या."

"खरंच," फादर आल्विन म्हणाले. ते या गावात नवे होते, त्यांना वाटलं ही चांगली गोष्ट आहे. ते लोकांकडे वळले. "पुढच्या वर्षी आपल्यातल्याच कुणाच्या तरी शेतातल्या घेऊ. लहान असलं तरी चालेल. कोणाकडे शेत आहे?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. लोबोंनी रेबेल्लोंकडे पाहिलं, रेबेल्लोंनी सिक्वेरांकडे. एकेकाळी या सगळ्यांची गुरं एका बांधावरून जायची, कुणाचं पाणी कुणी तोडलं म्हणून यांचे बाप एकमेकांच्या उरावर बसायचे. पास्कालही आशेनं मागं वळून पाहत होता, खरंच आशेनं. एवढ्या माणसांत कुणाचा तरी हात वर होईल असं त्याला वाटत होतं. फादर आल्विन हसऱ्या चेहऱ्यानं थांबले. थांबून राहिले. हात वर झाला नाही.

"मग पाद्र्याब," आपोलिन आकायनं विचारलं, "आम्ही आज नव्याशिवाय पान कसं मांडायचं?"